नारळाची फेरी

१० ऑगस्ट

मे महिन्यानंतर आज पहिल्यांदा लिहायला बसले. इतके दिवस गप्प राहिले, त्याबद्दल क्षमा असावी. कोणाची क्षमा मागते आहे ते सांगता येणार नाही. एखाद्याच्या घरी जाणं न सांगता बंद करावं आणि मग एक दिवस अचानक दारात उभं राहावं, तसं वाटतंय खरं.

कारण असं की जूनमध्ये शाळेचे खेळाचे सर बदलून गेले. त्यांच्या जागी नागेंद्र सर आले, ते खो-खोचे. सॉफ्टबॉलच्या मुली माझ्याकडे आल्या. कॉलेजात असताना मी बेळगावच्या संघातून खेळायचे, हे स्टाफरूममध्ये कधीतरी मीच बोलून बसले होते. मी सेकंड बेसवर खेळायचे, पिचिंग कधी केलेलं नाही. हे हेडमास्तरांना स्पष्ट सांगितलं. ते म्हणाले, "चेंडू तोच की हो, टीचर."

पिचर, म्हणजे चेंडू टाकणाऱ्या, दोघी आहेत, दोघी नववीच्या. ऋतिकाचे वडील इचलकरंजीला मागावर जातात. ती उंच, हाडापेरानं मजबूत, तोंडानं त्याहून. दुसरी ब्राह्मी, बाबगोंडा खोतांची. त्यांचं घर सदलग्याच्या बाहेर, नदीकडच्या मळ्यात, सायकलनं येते. हात एवढासा. पण चेंडू सोडताना मनगटाचा जो झटका देते तो मी कुणाला शिकवलेला नाही आणि मला शिकवताही येणार नाही.

जुलैत धारवाडला दोन दिवसांच्या शिबिराला गेले होते. तिथले एक प्रशिक्षक पिचरकडून सरावात नेहमीपेक्षा मोठा चेंडू टाकून घेतात. मोठा चेंडू तळव्यात दाबून धरता येत नाही, बोटांनाच काम करावं लागतं, आणि मग नेहमीचा चेंडू हातात लिंबाएवढा वाटतो. मला ते लगेच पटलं. किती वयाच्या मुलींकडून टाकून घेता, हे मी विचारलं नाही. विचारायला हवं होतं.

ऑक्टोबरात बेळगावला जिल्ह्याचे सामने आहेत.

१४ ऑगस्ट

मोठा चेंडू विकत कुठे मिळेना. कोल्हापूरच्या दुकानदारानं तर माझ्याकडे संशयानं पाहिलं. शेवटी घरीच केला. ऋतिकाच्या वडिलांनी मागावरचं टाकाऊ सूत आणून दिलं, ते जुन्या चेंडूवर घट्ट गुंडाळलं आणि निपाणीच्या चपला शिवणाऱ्याकडून वरून चामडं शिवून घेतलं. किराणा दुकानात काट्यावर ठेवला तर वाटलं होतं त्यापेक्षा बराच जड निघाला. मला मोठा हवा होता, जड नको होता.

ऋतिकानं तो हातात घेतला, कानाजवळ नेऊन हलवला.

"ओ टीचर, ह्यो टाकायचा का फोडायचा? नारळ हाय की ह्यो!"

तेव्हापासून तो नारळच.

ब्राह्मी हसली नाही. दोन्ही हातांत धरून फिरवत राहिली, शिवण कुठे आहे ते बोटांनी शोधलं, आणि खांद्यावरून पूर्ण चक्कर देऊन कमरेपाशी सोडला. कॅचर प्रियाच्या पुढ्यात येऊन पडला.

संध्याकाळी डेअरीला दूध घालून परत जाताना बाबगोंडा खोत मैदानाशी थांबले. नारळ हातात घेऊन बघितला.

"टीचर, पोरीचा हात बिघडणार न्हाय न्हवं? उजवा हात हाय."

मी म्हणाले, "माझी जबाबदारी."

हे किती पटकन तोंडातून गेलं.

१९ ऑगस्ट

आज मी मुलींपुढे भाषण केलं. भाषणं करायची नाहीत असं दर वेळी ठरवते.

म्हटलं, घरातली मोठी माणसं चातुर्मासात काहीतरी सोडतात ना? कुणी वांगं, कुणी कांदा. तसं तुम्ही प्रत्येकीनं आवडीची एक गोष्ट सोडायची, सामने संपेपर्यंत. काही सोडल्याशिवाय हात बसत नाही.

"मी अभ्यास सोडतो," ऋतिका म्हणाली. सगळ्या फिदीफिदी हसल्या. मग मोबाईलवर तडजोड झाली. प्रियानं चहा सोडला. ब्राह्मीला विचारलं तर म्हणाली, "मी सांगणार न्हाय, टीचर."

"का गं?"

"सांगितलं की हलकं होतंय."

मला ते फार आवडलं. बाकीच्यांना म्हटलं, बघा, असं असावं. मीसुद्धा दुपारचा चहा सोडल्याचं जाहीर केलं.

२१ ऑगस्ट

चहा प्यायले. स्टाफरूममध्ये पाहुणे होते.

३ सप्टेंबर

नारळाचा उपयोग होतो आहे. हे लिहायला मला भीती वाटते, पण होतो आहे. आज दोघींनी आधी नारळ टाकला आणि लगेच नेहमीचा चेंडू घेतला. ब्राह्मीच्या चेंडूचा प्रियाच्या हातमोज्यात असा आवाज आला की खो-खोच्या मैदानावरून नागेंद्र सरांनी मान वळवली.

सर सुरुवातीपासून विरोधात आहेत. "सण्ण कै, मॅडम," म्हणतात. मग मला नीट कळावं म्हणून मराठीत, "लहान हात. लहान हाताला लहान चेंडू. तुम्ही बाळाला बापाचा शर्ट घालाल्यात."

हात तापलेला असताना टाकावा म्हणून नारळाची फेरी आता सरावाच्या शेवटी ठेवली आहे. सुटायला त्यामुळे उशीर होतो. उजेड असेपर्यंत टाकतात. कुणाची तक्रार नाही.

११ सप्टेंबर

सराव चालू असताना पाहिलं तर ब्राह्मी कुंपणाशी बसून डबा उघडत होती. नारळाची फेरी सुरू व्हायची होती.

"ब्राह्मी, हे काय?"

"दोनच घास, टीचर."

"सरावात खायचं नाही हे माहीत आहे ना? पोटात अन्न घेऊन हात फिरवलास तर उलटी होईल. घरी जाऊन पोटभर जेव."

तिनं डब्याचं झाकण लावलं. झाकण नीट बसेना, ते तिनं दोनदा काढून लावलं. मग उठली आणि टाकायला आली. ऋतिका माझ्याकडे बघत होती. तिला काही बोलायचं असावं, पण ब्राह्मीनं तिच्या दंडाला धरून तिला मागे ओढलं.

घरी आल्यापासून हेच डोक्यात आहे. मी जास्त कडक बोलले का? मुलींसमोर बोलायला नको होतं, बाजूला घेऊन सांगायला हवं होतं. पण नियम एकीला वेगळा केला तर उद्या सगळ्या भडंगाच्या पुड्या घेऊन येतील.

१७ सप्टेंबर

ब्राह्मीच्या चेंडूत जोर राहिलेला नाही. आठवडाभर मी स्वतःला सांगत होते की भास आहे. आज तिचा चेंडू बॅटरसमोरच्या प्लेटच्या अलीकडेच खाली बसत होता. दोन चेंडूंच्या मधे ती गुडघ्यांवर हात ठेवून वाकते. आधी असं करत नव्हती.

कोपर दाबून पाहिलं, खांदा फिरवून पाहिला.

"दुखतंय?"

"न्हाय, टीचर."

"खरं सांग."

"खरंच न्हाय."

पाळीचं विचारलं. तेही नाही. ती आभाळाकडे बघत उभी होती, जाण्याची घाई झाल्यासारखी. मला वाटलं, माझ्या प्रश्नांना कंटाळली.

तेवढ्यात ऋतिका आली. "तिला सोडा की ओ टीचर लवकर. तिच्या वाटणीचं मी टाकतो."

मी म्हटलं, "तुझ्या वाटणीचं आधी नीट टाक."

तिचं तोंड उतरलं. मला वाईट वाटलं, पण राग पूर्ण गेला नाही. दोघींपैकी एकच पहिली पिचर होणार, हे तिला माहीत आहे. मैत्रीण थकलेली दिसताच लगेच तिची जागा मागायची? आणि तोच नारळ टाकून ऋतिकाचा हात मात्र दिवसेंदिवस भरत चालला आहे. तिचा पंजा मोठा आहे. नागेंद्र सर म्हणतात तसंच असेल का?

२१ सप्टेंबर, बेळगाव

दसऱ्याची सुट्टी लागली. घरी आले.

दिवसभर मोबाईलवर वाढत्या वयातल्या खांद्यांबद्दल आणि कोपरांबद्दल वाचत होते. हाडांची टोकं चौदाव्या वर्षी अजून मऊ असतात. जास्त वजनाच्या ताणानं ती सुटतात म्हणे. किती वजन म्हणजे जास्त, हे प्रत्येक ठिकाणी वेगळं. चपला शिवणाऱ्याकडून करून घेतलेल्या चेंडूबद्दल अर्थातच कुठे काही नाही.

माझे पती विक्रम म्हणाले, "ती म्हणते ना, दुखत नाही?"

"मुली सांगत नाहीत."

"नीलम, आपण कुणाचं तरी नुकसान केलंय याची खात्री पटेपर्यंत तुला चैन पडत नाही."

असेल. पण म्हणून नुकसान झालंच नाही असं थोडंच ठरतं?

४ ऑक्टोबर

शाळा सुरू झाली. ब्राह्मी सुट्टीवरून ताजीतवानी आली आहे. गालांवर रंग आहे. पहिल्याच दिवशी तिचा चेंडू पुन्हा पूर्वीसारखा आवाज करत गेला. प्रिया हात झटकत ओरडली, "आई गं! ह्या पोरीनं सुट्टीत काय खाल्लंय!"

मी इतकी खूश झाले की खडू-डस्टर घेऊन वर्गाऐवजी प्रयोगशाळेत गेले. मग हळूहळू डोक्यात आलं. सुट्टीत सराव नव्हता, नारळ नव्हता, आणि ती बरी झाली. म्हणजे नारळच तिला बाधत होता.

नारळ कपाटात ठेवून कुलूप लावलं. तेवढाच वेळ आता नेहमीच्या चेंडूची जास्तीची फेरी घ्यायची, म्हणजे तयारीत खंड पडणार नाही.

८ ऑक्टोबर

नारळ बंद करून चार दिवस झाले आणि ब्राह्मी पुन्हा उतरली आहे. आधीपेक्षा वाईट. आज शेवटच्या फेरीत तिचा चेंडू हातातून निसटून बाजूला गेला आणि ती तिथेच उकिडवी बसली. म्हणाली, डोळ्यांपुढे काजवे चमकले. लगेच उठलीही.

कारण काढून घेतलं की परिणाम थांबायला हवा, असं मी दहावीच्या मुलांना शिकवते. कारण काढून घेतलं, परिणाम थांबला नाही. मग जे व्हायचं ते होऊन गेलंय, असाच याचा अर्थ. हाडात, कुर्चेत, कुठेतरी आत. मी 'माझी जबाबदारी' म्हणाले होते.

बाबगोंडांना फोन केला. म्हटलं, उद्या निपाणीला हाडांच्या डॉक्टरांना दाखवू.

ते म्हणाले, "दाखवूया की. मला उद्या कारखान्याकडं जायचंय, तुम्हीच घिऊन जावा. तुमच्यावर इश्वास हाय."

याच शब्दाची मला भीती होती.

९ ऑक्टोबर

हात चांगला आहे. हे आधी लिहून ठेवते.

डॉक्टरांनी खांद्याचे आणि कोपराचे फोटो काढले, उजेडासमोर धरून मला दाखवले, हात सगळ्या बाजूंनी वळवून पाहिला. म्हणाले, काही नाही, उलट या वयाच्या मानानं मनगट छान तयार झालंय. मग तिचं वजन केलं, पापणी ओढून पाहिली. "जेवतेस का वेळेवर?"

"व्हय," ब्राह्मी म्हणाली.

बाहेर पडेपर्यंत उशीर झाला. बसला वेळ होता, म्हणून स्टँडवर भडंग घेतलं. तिच्यापुढे धरलं. तिनं डेपोच्या पत्र्यावरच्या आभाळाकडे पाहिलं आणि म्हणाली, "नको, टीचर." पाण्याची बाटलीही घेतली नाही. मला वाटलं डॉक्टरांच्या दवाखान्यात बसून तिचं मन धास्तावलं असेल. मी एकटीनंच खाल्लं. भूक लागली होती.

सदलग्याला उतरून तिला मळ्यात पोचवायला गेले. घरात दिवे लागले होते. बाबगोंडा कारखान्याकडून येऊन जेवायला बसले होते. भाकरी मोडता मोडता "या, या" म्हणाले. त्यांची आई अक्काताई पुढे आल्या, नातीच्या तोंडावरून हात फिरवला आणि विचारलं, "आज बी चुकलं काय गं, बाळ?"

"व्हय, अज्जी."

"मग आता उद्याच सकाळला." आणि माझ्याकडे वळून, चेहरा फुललेला, "तुम्ही एकदा सांगितलासा आन् पोरीनं कसं धरलंय बघा, टीचर! दीस मावळला की अन्न न्हाय, पाणी सुदिक न्हाय. एवढ्या वयात आमाला बी जमलं न्हवतं."

मी विचारलं, "मी काय सांगितलं?"

"सामने हुईस्तोवर कायतरी सोडा म्हनून. पोरगीनं बस्तीत जाऊन देवाम्होरं नियम घेतलाय."

मी बाबगोंडांकडे पाहिलं. त्यांचा हात ताटातच थांबला होता. "आमी काय बोललो न्हाय, टीचर. आमच्यात रातचं न जेवणारी म्हातारीच उरल्यात, आमी जेवतोय सगळी. पण पोरगीनं हौसेनं घेतलंय, मोड म्हणून कसं सांगायचं? आन् म्हटलं, तुमच्या खेळातलंच असंल कायतरी. उपाशी राहिलं की हात हलका पडतोय, असलं. तुम्हाला म्हाईत न्हवतं व्हय?"

सदलग्यात सहा वर्षं नोकरी करते आहे. दिवस मावळायच्या आत जेवणारी जैन घरं माझ्या गल्लीतच आहेत. पण गेल्या वर्षी स्नेहसंमेलनाच्या रात्री याच ब्राह्मीनं आमच्याबरोबर मसालेभात खाल्ला होता, म्हणून तिच्या बाबतीत हा विचार मनात आलाच नाही. ऑगस्टमध्ये ती घरी पोचायची तेव्हा उजेड असायचा. नंतर मी फेरी वाढवली आणि दिवस लहान होत गेला.

अक्काताईंनी मला चहा दिला. ब्राह्मी उंबऱ्याशी बसून बुटांच्या नाड्या सोडत होती. तो चहा मी तिच्यासमोर प्यायले. नको म्हणायचं सुचलं नाही.

१० ऑक्टोबर

मधल्या सुट्टीत ब्राह्मीला प्रयोगशाळेत बोलावलं. ऋतिका न बोलावता आली.

म्हटलं, "मी सांगितलं म्हणून सोडलंस ना? आता मीच सांगते, बंद कर."

"असं कुठं असतंय, टीचर? तुम्ही सांगितलासा, पण घेतलाय मी."

"सामने संपेपर्यंतच ना?"

"व्हय. जिल्हा जिंकलो तर विभाग, मग राज्य." तिनं बोटांवर मोजलं. "सगळं संपल्यावर."

म्हणजे ही जितकी चांगली टाकेल, तितके दिवस उपाशी राहणार.

ऋतिका मधे पडली. "मी कितींदा सांगितलो, लवकर सोडा, लवकर सोडा! तुम्हाला वाटलं मला हिची जागा पायजे. व्हय का न्हाय?"

"मग सरळ सांगायचंस ना गं."

"हिनं शप्पथ घातलीया. आन् तुम्ही डबा बंद करायला लावलासा तवाच मला वाटलं, टीचरना सगळं म्हाईत हाय, तरीबी असंच वागाल्यात."

ब्राह्मीनं तिला चिमटा काढला. "गप गं. टीचर रडाल्यात बघ."

मी रडत नव्हते. पण जवळपास होते.

१३ ऑक्टोबर

आता पाच वाजले की सराव थांबतो. सगळ्या जणी लिंबाखाली गोल करून डबा खातात, मीही खाते. सोपी गोष्ट होती. इतकी सोपी की तिचा विचार केला की लाज वाटते, म्हणून करत नाही.

नागेंद्र सर येऊन प्रियाच्या डब्यातलं धपाटं उचलून घेऊन गेले. "मॅडम, सॉफ्टबॉल का सहल?" पण दुसऱ्या दिवशी घरून शेंगदाण्याची चटणी आणली.

नारळ बाहेर काढायचा माझा विचार नव्हता. ब्राह्मीनंच मागितला. "त्यानं बोटं भरून येत्यात, टीचर." फेरी आता सुरुवातीला ठेवली आहे. तिच्या चेंडूत जोर परत येतो आहे. मला बरं वाटतं, आणि बरं वाटलं की भीती वाटते.

१६ ऑक्टोबर, बेळगाव

आज दोन सामने होते. दोन्ही जिंकलो. संध्याकाळचे आठ वाजलेत, मुली राहण्याच्या हॉलमध्ये गाद्या घालत आहेत. जे झालं ते जसंच्या तसं लिहिते.

सकाळचा सामना ब्राह्मीनं सहज काढला. जेवणाच्या वेळी तिला फार खाववेना, दुपारी परत टाकायचं म्हणून पोट हलकं हवं होतं. मी म्हटलं, हरकत नाही, पाचला खा. डबा माझ्या पिशवीत होता. मोबाईलवर पाचचा गजर लावला होता.

दुपारचा सामना मैदान रिकामं नसल्यानं उशिरा सुरू झाला. पाच वाजले तेव्हा दोन्ही संघांच्या धावा सारख्या होत्या. गजर वाजला. मी तो ऐकला. हातात मोबाईल घेतला आणि बंद केला, कारण त्यांच्या दोन मुली बेसवर होत्या आणि ब्राह्मीचा चेंडू असा सुटत होता की त्यांची बॅट हवेत फिरत होती. मनात म्हटलं, हा डाव होऊ दे.

तो डाव झाला. मग पुढचा झाला. मी ओरडत होते. माझा घसा बसला आहे.

शेवटची बॅटर बाद झाली, मुली धावत जाऊन ब्राह्मीच्या अंगावर पडल्या, आणि मीही धावले. मैदानावर दिवे लागलेले आहेत हे मला तिच्या तोंडावर उजेड पडलेला दिसला तेव्हा कळलं. ती वाकून, गुडघ्यांवर हात ठेवून उभी होती.

"जिंकलो न्हवं, टीचर?"

"ब्राह्मी, डबा..."

तिनं पश्चिमेकडे पाहिलं. मग माझ्याकडे. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता. मला समजावण्याच्या सुरात म्हणाली, "असू दे, टीचर. एक दिवस काय होतंय?"

आठ दिवसांपूर्वी मला माहीत नव्हतं, असं म्हणता येत होतं. आज माहीत होतं.

परत येताना तिला थंडी वाजत होती. तोंड कोरडं पडलंय. पाणीसुद्धा देता येत नाही. ऋतिका रुमाल ओला करून आणते आणि तिच्या कपाळावर ठेवते.

थोड्या वेळापूर्वी संयोजकांपैकी एक बाई आल्या. उद्या अंतिम सामना साडेतीनला आहे आणि राज्याच्या निवडीसाठी माणसं येणार आहेत. "तुमच्या त्या बारक्या पोरीला बघायचंय त्यांना," म्हणाल्या. "शेवटपर्यंत तिलाच ठेवा." हे ऐकल्यावर मला आधी आनंद झाला. काळजी नंतर आली. दोन्ही कोणत्या क्रमानं आली ते लिहून ठेवणं भाग आहे.

साडेतीनचा सामना पाचला संपत नाही. जेवायला बसवायची तर तिला मधूनच काढावं लागेल, ज्यांना तिला बघायचं आहे त्यांच्या डोळ्यांदेखत. ऋतिका चांगली टाकते. पण आज ब्राह्मीनं ज्यांना बाद केलं, त्यांना ऋतिका बाद करू शकली असती का, मला माहीत नाही. हरलो तर ब्राह्मीचा नियम उद्याच सुटेल. हे मनात आलं आणि ते मला हवंसं वाटलं, आणि नकोसंही.

ऋतिकाला बाहेर व्हरांड्यात बोलावलं. सांगितलं, उद्या पाच वाजल्यापासून तू टाकणार आहेस.

तिनं हाताची घडी घातली. "हारत असलो तरी?"

"हो."

"जिंकत असलो तर?"

"तरीही."

"आन् ही ऐकणार न्हाय, टीचर. मी टाकतो म्हणून हट्ट धरंल. तुम्हाला बरं वाटंल असंच बोलंल."

"मला माहीत आहे."

तिनं हाताची घडी सोडली. मग म्हणाली, "बघूया," आणि आत गेली.

ब्राह्मीला झोप लागली आहे.

उद्या: पाच वाजता, धावा किती झाल्यात ते न बघता, ब्राह्मीला मैदानातून बाहेर बोलावून जेवायला बसवणे.